तीनशेपर्यंतची मोजणी

मोताळ्याच्या शाळेत निवृत्ती प्रयोगशाळेचा शिपाई होता. पायाला भिंगरी लागलेला माणूस. बसला तरी गुडघा हलवत बसायचा. पंधरा वर्षं नळ्या धुता धुता त्यानं सगळं पाहून ठेवलं होतं. काळी भुकटी पातळ तेजाबात विरघळवायची, गाळायची, निळं पाणी आटवायचं, निवू द्यायचं, की झाले मोरचुदाचे खडे. त्याच्या हातात मात्र कोणी कधी स्पिरिटचा दिवा दिला नाही.

१९६८ साली त्याची लेक सिंधू अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होती. प्रात्यक्षिकात गेली तर वर्ष जाणार, आणि आणखी एक वर्ष शिकवायची ऐपत नव्हती. मग यानं बाजारातून मोरचूद आणून पाण्यात विरघळवलं, अंगणात तीन दगड मांडले आणि चार रविवार लेकीला शिकवलं. मातीच्या पसरट परळातून वाफ निघाली की मोजायचं, तीनशेला उतरवायचं.

"थे इख माह्या घरात आणू नका," त्याची बायको वच्छलाबाई त्या विषाला भिऊन ओरडायची.

बापलेक मोजतच राहायचे.

परीक्षेला अकोल्याहून परीक्षक आले. सिंधूच्या चिठ्ठीत नेमकं मोरचूद निघालं. निवृत्तीचा जीव टांगणीला लागला. शिपायानं चकार शब्द काढला तर पोरीचा पेपर रद्द, अशी विज्ञानाच्या सरांची ताकीद होती. सिंधूच्या बशीतून वाफ निघताच तो दाराशी उभा राहून मनात मोजू लागला. भरलेली बादली भरून आला, कोरडं टेबल पुसलं, पण आकडा सोडला नाही.

एकशे ऐंशीला सिंधूनं काचेची कांडी बशीत बुडवली, तिच्यावर फुंकर घातली आणि दिवा विझवला.

घात झाला! अजून एकशे वीस बाकी होते. खोकावं का, बादली पाडावी का? ओठ चावून तो तसाच उभा राहिला. मनातल्या मनात त्यानं पोरीला शिव्या घातल्या आणि लगेच स्वतःला दुप्पट घातल्या.

अर्ध्या तासानं परीक्षकांनी बशी उजेडात धरली. "छान खडे आहेत," ते म्हणाले आणि पुढं गेले.

घरी जाताना निवृत्तीला राहवेना. "एकशे ऐंशीलेच काऊन उतरवलं व?"

"आपलं परळ जाड होतं, बाबा. शाळंतली बशी पातळ, पाणीबी निम्मं. कांडीवर फुकलं का खडे दिसतात, मंग उतरवा लागते. सरांनी दिवाळीच्या आधीच दाखवलं होतं."

"मंग मले सांगतलं काऊन नाही?"

सिंधूनं दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तुमी लय हौसेनं शिकवत होते."

निवृत्ती रस्त्यातच थांबला. चारही रविवार पोर त्याच्यासाठी मोजत बसली होती, आणि त्याला वाटलं होतं, तो तिला शिकवतोय.