भाऊजींची म्हैस

आमच्या भाऊजींइतका वाईट विनोद सांगणारा माणूस कृष्णेच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि वाईट विनोदाच्या जोरावर संशोधन करणारा तर नाहीच नाही. तरुण पोरं हिंसेकडे कशी वळतात आणि वळण्याआधी त्यांना थांबवायचं कसं, हा त्यांचा विषय. सत्तरच्या दशकात आमच्याकडे असल्या विषयाला कुणी विषय म्हणत नसे. सांगलीत लोक त्यांना 'भांडणाचे प्रोफेसर' म्हणत. भाऊजींचं म्हणणं असं, की माणूस हातात कुऱ्हाड घेतो ते अगदी शेवटी. त्याच्या कितीतरी आधी तो चेष्टामस्करी सोडतो. म्हणून कराडच्या तालमीपासून माधवनगरच्या गिरणीपर्यंत, पोरं दिसतील तिथे भाऊजी बसकण मारत आणि एसटीत चढलेल्या म्हशीचा विनोद सांगत. विनोद एकच. त्याचा शेवट कुणालाच ठाऊक नव्हता, कारण तिथवर पोचायच्या आत भाऊजींनाच हसून ठसका लागे. "तुमच्या म्हशीला कुणी हसत नाही, त्यात पोरांचा काय दोष?" माझी बहीण, आमची अक्का, विचारायची. "हसायला कशाला हवं? वैतागून 'गप बसा' म्हटलं तरी पुरे," भाऊजी म्हणत. "जो हसत नाही आणि वैतागतही नाही, त्याच्यापाशी मी बसतो."

माधवनगरला संपाच्या दिवसांत असा एक सापडला. मागावरचा तरणाताठा गडी. मुकादमाच्या माणसांनी त्याच्या भावाला मारलं होतं, आणि मुकादमाचं घर पेटवायच्या गोष्टी करणाऱ्या टोळक्यात हा जाऊन बसू लागला होता. भाऊजी रोज सायकल मारत जात आणि त्याला म्हैस ऐकवत. तो भिंतीकडे बघत बसे. एका दुपारी मी बरोबर होतो, तर गडी रॉकेलचा डबा घेऊन समोरून आला. भाऊजी रस्त्यात आडवे उभे राहिले, आणि या माणसानं काय करावं? म्हैस सुरू केली! ती पायरीवर चढते न चढते तोच गडी ओरडला, "आवं मास्तर, लय झालं! उतरवा की एकदा त्या म्हशीला खाली!" आणि डबा आदळून ढसाढसा रडला. भाऊजींनी त्याला चहाला नेलं. डबा मी घरी आणला. अक्काचा स्टो पुढे त्याच रॉकेलवर चालला.

भाऊजी गेले तेव्हा अक्का रडली नाही, बोललीही नाही. समजूत घालून आम्ही सगळे थकलो. मग माधवनगरहून तो गडी येऊ लागला, आता केस पिकलेला. उंबऱ्याशी बसून म्हणायचा, "वैनी, एकदा काय झालं, एक म्हैस यष्टीत चढली..." अक्का भिंतीकडे बघत राहायची. तो उठून जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. शेवटी एका सकाळी अक्का कडाडली, "पुरे रे बाबा! ह्यांची म्हैस आता तू राखणार आहेस काय?" आणि तोंडाला पदर लावून रडू लागली.

"व्हय वैनी," तो म्हणाला, "राखतो की."

मी उठून चहाचं आधण ठेवलं. भाऊजींनी तेच केलं असतं.