टेबलाच्या कडेला ठेवलेली फाईल

"होडी लागली रे, खिडक्या उघडा!"

मी कचेरीत पाऊल टाकलं की आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब असं ओरडायचे. सगळे हसायचे. मीही हसायचो. मी गाबीत, मासेमारी करणाऱ्या जातीतला, मालवणच्या किनाऱ्यावरचा. दोनदा साबण लावून कचेरीत जायचो. डब्यात बांगडा घालू नको म्हणून आयेला सांगितलं. ती म्हणाली, "लाज कसली रे वाटता तुका? माशाची काय माझी?" सहा वर्षं हसत राहिलो.

साठ-एकसष्टच्या सुमारास गंगाराम कारकून म्हणून आला. नांदगावकडचा, महारवाड्यातला, घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. सावंतवाडीत शिकलेला. त्याचा पहिलाच मसुदा वाचून भाऊसाहेब म्हणाले, "शुद्ध लिहितोस की रे! तुमच्यातला वाटत नाहीस."

त्या दिवसापासून माझी थट्टा थांबली. मला सगळे 'अहो' म्हणू लागले. सुटलो, असं वाटलं. हे लिहिताना हात अडतो, पण वाटलं.

कचेरीत फाईल हातोहात फिरायची. गंगारामची मात्र टेबलाच्या कडेला ठेवायची. तसं कुणी सांगितलं नव्हतं. भाऊसाहेब ठेवत, म्हणून मी ठेवू लागलो. एकदा मी ठेवलेली फाईल खाली पडली, कागद पसरले. ते गोळा करता करता गंगाराम हळूच म्हणाला, "दादा, हातात दिलास तरी चलात."

भाऊसाहेब मागून हसले. "बघा, दर्यावरचेसुद्धा विटाळ पाळायला शिकले!"

शाबासकी होती ती. मला.

तरी त्या दिवशी गप्प बसलो. चार दिवस गप्प. पाचव्या दिवशी सगळ्यांदेखत उभा राहिलो.

"भाऊसाहेब, तुमच्या थट्टेवर मी हसलो तो भिऊन. गंगारामांना हात लागू नये म्हणून तुम्ही फाईल कडेला ठेवता. मीही ठेवली. आजपासून नाही. तुम्हीही ठेवायची नाही."

"अहो, गंमत ती!"

"मग समजावून सांगा, हसायचं कशाला?"

कुणी हसलं नाही.

मधल्या सुट्टीत गंगारामची माफी मागितली. तो एवढंच म्हणाला, "चार दीस लागले तुमका." माफी दिली नाही. का द्यावी?

आता हेडक्लार्क मी आहे. कुणी कुणाला बोलण्यातून टोचलं की काम तिथंच थांबवतो. बोलणाऱ्याला विचारतो, म्हणजे काय? मोठ्यानं सांगा. उत्तर येईपर्यंत हलत नाही. मागून मला खवट म्हणतात. म्हणू देत. उशीर मी एकदा केला. पुन्हा करणार नाही.