मदरबोर्ड गेला म्हणे

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो आमच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या लॅबच्या मामांचा. हुद्दा शिपायाचा, शिक्षण दहावी नापास. पण बंद पडलेला प्रत्येक पीसी तेच उठवायचे, आणि आम्हाला शेजारी उभं करून दाखवायचे.

इथे अमेरिकेत, चँडलरला, माझा रूममेट पुण्याचा होता. कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी. करतो, हे तो दुकानात दूध घेताना काउंटरवरसुद्धा सांगायचा. आम्हा दोघांत पीसी एकच. माझं सिम्युलेशन फक्त त्याच्यावर चालायचं, आणि गुरुवारी चार वाजता गाइडला आकडे दाखवले नाहीत तर माझी असिस्टंटशिप जाणार होती; म्हणजे मी परत गावाला. हे ठाऊक असूनही बुधवारी या विद्वानाने गेम पळवायला सेटिंगमध्ये शिरून प्रोसेसरचा वेग वाढवला. गुरुवारी सकाळी स्क्रीन काळी.

"मदरबोर्ड गेला यार. चारदा बॅटरी काढून पाहिली, रिसेटच होत नाही. नवा ऑर्डर करू, सोमवारी येईल."

"आधी पॉवरची वायर काढली होतीस?"

"कशाला? वायर असली की अर्थिंग मिळतं. बेसिक आहे. तुमच्या तालुक्यात शिकवत नाहीत वाटतं?"

वायर लावलेली असेपर्यंत बोर्डाला थोडी वीज मिळतच राहते, आणि तोवर बोर्डावरची बॅटरी काढूनही बिघडलेली सेटिंग पुसली जात नाही. चार वेळा तीच बॅटरी काढूनही त्याच्या डोक्यात हे आलं नव्हतं.

मामा करायचे तशी मी वायर उपसली, पॉवरचं बटण दाबून धरलं, उरलीसुरली वीज जाऊ दिली. मग रुपयाएवढी बॅटरी नखाने उचकटली आणि दहा मिनिटं बाजूला ठेवली.

"मंत्र म्हणतोयस का?" सोफ्यावर कॉर्नफ्लेक्स खात तो म्हणाला.

बॅटरी बसवली, वायर जोडली. बीप. स्क्रीन उजळली.

"लक!" एवढं बोलून त्याने वाटीतलं दूध तोंडाला लावलं.

चार वाजता गाइडने आकडे पाहून सही केली. रविवारी मी पत्र टाकलं:

"तीर्थस्वरूप मामांस सा. न. वि. वि.

माझी असिस्टंटशिप टिकली, ती तुमच्या हातामुळे. इथे माझ्यासोबत एक मोठे विद्वान राहतात. तुमच्या लॅबमध्ये तुम्ही त्यांना टेबलाला हात लावू दिला नसता. आपल्या कॉलेजातले सर आत आले की तुम्ही हातातलं काम टाकून उभे राहायचात. मामा, ते सरही याच जातकुळीचे. यापुढे उठू नका.

आपला विद्यार्थी"