मुरमाच्या पाट्या

मोजणीची माणसं गावात आली तेव्हा मी दुसरीत होते. निजामाचं राज्य होतं. सिंदफणेकाठच्या प्रत्येक रानाचा नकाशा काढायचा, माती पाहून प्रत ठरवायची आणि त्यावर सारा बसवायचा, हे त्यांचं काम. त्यांनी रानारानात एकेक खुंट ठोकला. दुसऱ्या दिवशी खुंटापाशी खड्डा घेऊन माती बघणार होती.

आमची दोन रानं. नदीकाठचं काळं, त्यावर घर जेवायचं. दुसरं माळावरचं, नुसता मुरूम. काळ्या रानाला सारा जास्त बसेल म्हणून बाने डोकं चालवलं. तिथल्या खुंटाजवळची माती कमरेइतकी उकरली आणि माळावरचा मुरूम आणून भरला. पाट्या मी आणि माय वाहत होतो.

"आवं, वरीसभर दगडं येचायला लावता, आन् आज पेरायला?" माय म्हणाली.

"तुला कळत न्हाई. गप वाह."

मला दोघांचंही कळत नव्हतं. माळावर मुरूम खुंटापाशीच मऊ लागला, म्हणून बाने तिथंच खणला होता. उघडा खड्डा दिसला तर संशय येईल, म्हणून नदीकाठची काळी माती आम्ही त्यात टाकली.

मोजणीच्या साहेबाने दुसऱ्या दिवशी आधी नदीकाठी खणलं. मुरूम निघाला. बा खाली मान घालून खूश. मग माळावर खणलं, तर कमरेइतकी काळीभोर माती. साहेबाने ती तळव्यावर चोळली.

"माळ पे ऐसी मट्टी?"

बाने माझ्याकडे बघितलं, मी मायकडे.

"मेंढरं बसवतो जी तितं, खतासाटी," माय म्हणाली.

साहेबाने लिहून घेतलं.

पुढे पटवाऱ्याने चावडीत नकाशा पसरला. मी अक्षरं लावून वाचलं. नदीकाठचं रान नापीक, गायरानात धरलेलं. माळ अव्वल प्रतीचा.

"आमचं रान गायरानात कावून?" बा म्हणाला.

"खड्ड्यात मुरूम निघाला. असली जमीन गावच्या गुरांना."

"दुसरीकडं खणून बगा की."

"बगू. मंग ह्यो मुरूम कुटून आला, ते सांगशील?"

पटवारी गावचाच. त्याला माळही माहीत होता आणि बाही. सांगावं तर सरकारला फसवल्याबद्दल कैद, न सांगावं तर रान गेलं. बा पागोटं नीट करून घरी आला.

त्या साली माळावर जोंधळा पेरला. सगळा घोट्याएवढा राहिला. फक्त खुंटाभोवती, बाजेएवढ्या जागेत, पुरुषभर वाढला. खाली नदीकाठी गावची म्हसरं चरत होती. मायने तेवढी कणसं खुडली आणि बाच्या पुढ्यात ठेवली.

"नकाशा चुकला न्हाई बगा," म्हणाली.

ती टोमणा मारत होती की खरंच तसं म्हणत होती, हे मला आजवर कळलेलं नाही. बालाही कळलं नसावं. त्याने एक कणीस उचललं, चोळून दाणे पाहिले आणि परत ठेवलं.