बुरैद्यातला डावखुरा

रियाधहून बुरैदा गाठायला चार तास लागले आणि त्या चार तासांत रस्ता कुठे वळल्याचं मला तरी आठवत नाही. दोन्हीकडे वाळू, मध्येच एखादा पेट्रोल पंप आणि त्याला चिकटलेली मशीद. ड्रायव्हर बिजनौरचा होता. "साहब, यहाँ तीन हफ्ते क्या करोगे?" त्याने विचारलं. "काम करूँगा, और क्या?" मी म्हटलं. तो नुसता हसला. का हसला, ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

नाशिकला द्राक्षांची शीतगृहं उभारण्यात माझी पंधरा वर्षं गेलेली, म्हणून कंपनीने मला इथल्या खजुराच्या शीतगृहावर पाठवलं होतं. पण कॉम्प्रेसरचा एक भाग दमामच्या बंदरात अडकला होता. तो येईपर्यंत खलास (संपलं, आता बसून राहा). शीतगृहामागे दोन खोल्या होत्या. एकीत मी. दुसरीत डेल, कॉम्प्रेसर सुरू करून द्यायला आलेला अमेरिकन. चाळिशी ओलांडलेला, ताडमाड उंच आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्यासारखा गप्प. चार दिवस आमची मजल 'गुड मॉर्निंग'पुढे गेली नाही. घरी फोन लावावा तर बायको "जेवलात ना?" विचारून दोन मिनिटांत ठेवायला बघे, बिलाच्या धास्तीने. मग पुढचा अख्खा दिवस माझ्या अंगावर यायचा. इतका एकटा मी आयुष्यात कधी पडलो नव्हतो.

बोलणं सुरू झालं ते खजुराच्या बाजारात. एका म्हाताऱ्या विक्रेत्याने गहवा (वेलची घातलेली फिकी कॉफी) पाजली आणि सुक्करी खजूर पुढे केला. डेलने डावा हात पसरला. म्हातारा रागावला नाही. त्याने डेलचा उजवा हात धरून पुढे ओढला, त्यावर खजूर ठेवला आणि म्हणाला, "बिल यमीन" (उजव्या हाताने).

"आमच्याकडेही प्रसादाला डावा हात पुढे केला की आई चापट मारते," मी डेलला सांगितलं.

"या डाव्या हातानेच मला पंधरा वर्षं जेवू घातलंय," तो म्हणाला. आणि परतताना गाडीत पहिल्यांदाच मोकळा झाला.

डेल बेसबॉलमधला पिचर होता. पिचर म्हणजे आपला गोलंदाज, फक्त चेंडू टप्पा न पाडता फेकणारा. त्यातही डेल बदली पिचर. समोर डावखुरा फलंदाज आला की त्या एकट्यापुरता याला बोलवायचे. तास न् तास मैदानाच्या कडेला बाकावर बसायचं, बोलावणं आलं की उठायचं, पाच-सहा चेंडू टाकायचे आणि परत बाहेर. अठराव्या वर्षी त्याला गावातून उचललं. मग लहान लहान गावांचे संघ, बसचे प्रवास, स्वस्तातले लॉज. नऊ वर्षांनी मोठ्या संघाने बोलावलं. तिथे दोन हंगाम काढले, कोपराचं ऑपरेशन झालं आणि पुन्हा खालच्या संघांत रवानगी. शेवटी एका सकाळी खेळाडूंच्या खोलीतल्या त्याच्या कपाटावरची नावाची पट्टी काढलेली दिसली. मग मेहुण्याच्या दुकानात एसीची कामं शिकला.

"आणि बायको?"

"त्या बसच्या प्रवासात मध्येच कुठेतरी उतरली."

आता त्याच्या एका जुन्या सोबत्याने निरोप धाडला होता. तो एका लहान संघाचा प्रशिक्षक झाला होता आणि त्याला डावखुरा पिचर हवा होता. चेंडू अजून वळत असेल तर ही नोकरी सोडून ये, महिनाअखेर कळव. डेलने मला विचारलं, "झेलशील का? फक्त खरं सांग, वळतो की नाही."

कॉलेजात मी यष्टिरक्षक होतो. शीतगृहात वापरायचे जाड हातमोजे चढवले आणि उन्हं कलल्यावर मागच्या आवारात उकिडवा बसलो. चेंडू सणसणत यायचा, तळहात पेटायचा, पण वळायचा मात्र नाही. अगदी सुतात सरळ.

"वळला?" डेल ओरडला.

"मस्त वळला!" मी म्हणालो.

खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ गेली असती. दुपारपासून मी तिची वाट पाहायचो, सुजलेला हात चोळत. दहा-बारा दिवस मी असं धडधडीत खोटं बोललो. महिनाअखेर जवळ आली तसा मात्र मी दिवस मोजू लागलो. माझ्या शब्दावर हा माणूस चालती नोकरी सोडून बसला तर?

शेवटी मी मोजे काढले. "डेल, चेंडू वळत नाही. पहिल्या दिवसापासून वळलेला नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. "वळला असता तर झेलताना तुझा हात हलला असता. तो जागचा हलत नव्हता. दुसऱ्याच दिवशी मी नाही म्हणून कळवलं."

"मग रोज कशाला फेकत होतास?"

"तुला सांगितलं असतं, तर तू झेलायला आला असतास?"

मग चेंडू उचलून तोच म्हणाला, "यल्ला" (चल). मी मोजे चढवले. मगरिबची (सूर्यास्ताच्या नमाजाची) अजान होईपर्यंत तो फेकत राहिला, मी झेलत राहिलो. वळला का, हे त्याने विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात दमामहून तो भाग आला, कॉम्प्रेसर धडधडू लागला आणि मी विमानात बसलो. डेलचं काम आणखी महिनाभर होतं. निरोप घेताना त्याने डावा हात पुढे केला, मीही डावाच दिला.

नाशिकला लोक विचारतात, सौदीत काय पाहिलं? मी खजुराच्या बाजाराचं सांगतो. एवढंच कळलं की दोन मोठी माणसं नुसती सोबतीला म्हणून भेटू शकत नाहीत. त्यांना काहीतरी काम काढावं लागतं, खोटं का होईना.

आमच्या शेजारचे देशमुख निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन नळाला पाणी किती वाजता येणार ते विचारतात. पाणी गेली कित्येक वर्षं सहालाच येतं. पूर्वी मी खिडकीतूनच "सहाला!" म्हणून ओरडायचो. परवा त्यांनी विचारलं, तेव्हा मी दोन खुर्च्या बाहेर काढल्या.