पीपी कॉलवरचं नाव

“बाई, लेकीशी बोलायला भरवशाचा कॉल कुठला, ते तुमीच सांगा की,” शिंदेमामा काउंटरवर टेकून म्हणाले.

मी तेव्हा सोलापूरला टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते. मामा गिरणीतून रिटायर झालेले, मूळचे मंद्रूपचे. बायको आजारानं अंथरुणाला खिळलेली आणि एकुलती एक लेक नांदेडला दिलेली. मायलेकींना बोलता यावं म्हणून वर्षानुवर्षं नंबर लावून त्यांनी घरी फोन घेतला होता.

तेव्हा परगावी बोलायचं तर आमच्याकडे कॉल बुक करावा लागे. एसटीडी, म्हणजे आपणच डायल फिरवायचं, मोजक्या शहरांपुरतं आलं होतं. आमच्याकडून नांदेडला नव्हतं. ऑर्डिनरी कॉलला तासन्‌तास वाट. अर्जंट लवकर लागे, पण नांदेडचा फोन सासरच्या दुकानात, उचलणार भलताच कुणी.

मी ऐटीत म्हटलं, “अर्जंट पीपी करा. पीपी म्हणजे पर्टिक्युलर पर्सन, ज्याचं नाव द्याल तो माणूस आला तरच आम्ही कॉल जोडतो. बिनघोर राहा. नाव काय लेकीचं?”

“शकुंतला.”

मी तिकिटावर, म्हणजे कॉलच्या चिठ्ठीवर, लिहिलं.

पहिल्या दिवशी नांदेडच्या ऑपरेटरचं उत्तर आलं, पार्टी नाही, म्हणजे त्या नावाचं माणूस फोनवर आलं नाही. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी तेच. असं तिकीट आम्ही बाजूला टाकायचो आणि पुढचा कॉल घ्यायचो. का नाही, हे विचारायची पद्धतच नव्हती.

चौथ्या दिवशी मामा स्वतः आले. चेहरा पार उतरलेला.

“ऱ्हाऊ द्या बाई. व्याही पोरीला फोनवर येऊ देत न्हाईत. हिचं लई बिघडलंय. सारखी लेकीला विचारती. काय सांगू तिला?”

मला त्या सासरच्यांचा असा राग आला म्हणता! मीच हेडफोन चढवला आणि नांदेडचं दुकान लावलं. पलीकडे दुकानातले दिवाणजी खेकसले, “अहो, किती वेळा सांगायचं? शकुंतला नावाचं या घरात कुणी नाही!”

मी मामांना तसंच सांगितलं.

“अरं देवा! लग्नात नाव बदललं की तिचं. तितं ती मीनाक्षी हाय. आमी त्या नावानं कधी हाकच मारली न्हाय.”

मामांना घरी पिटाळलं आणि मीनाक्षीच्या नावानं लाइटनिंग कॉल टाकला. तो सगळ्यांच्या आधी लागतो. लागलाही. पण मामा इकडे आले होते तेवढ्यात मामींची शुद्ध हरपली होती. मामांनी रिसीव्हर त्यांच्या कानाला धरला. लाइन तपासायला मी ऐकत होते. लेक पुनःपुन्हा म्हणत होती, “आई, मी शकू. बोल की गं.”

तीन मिनिटं झाली की कॉल वाढवायचा का, हे आम्ही मध्येच विचारायचो. माझ्याच्यानं विचारवलं नाही.

मामी दुसऱ्या दिवशी गेल्या. शकू तेव्हा वाटेत होती.

दोष सासरच्यांचा नव्हता, मामांचाही नव्हता. मी स्वतः माहेरची लीला, सासरची सुनंदा. माझ्या आईनं ‘लीलाला बोलवा’ म्हटलं असतं, तर माझ्याच बोर्डावर उत्तर मिळालं असतं, पार्टी नाही. मग हे मला सुचू नये? आजही स्वतःची चीड येते.

पुढे कुणी लेकीचा पीपी बुक केला की मी सासरचं नाव विचारायची. साहेब म्हणायचे, “तिकिटावर असा रकाना नाही, बाई.”

नव्हताच. मी पेन्सिलीनं बाजूला लिहायची.