सगुणेचा डोंगर आणि पहिला नारळ

बुधवारी मजकूर छापखान्यात द्यायचा होता आणि शनिवारी पहाटे मी स्वारगेटला उभी होते. इतक्या ऐन वेळी मी कधी कुठे निघत नाही. पण तीन रात्री झोप नव्हती.

कारण सांगते. आमच्या घरात एक गोष्ट आहे. माझ्या आजोबांची आजी, सगुणा, तरुणपणीच विधवा झाली. दिरांनी तिला खोऱ्यातल्या भातशेतीत पाय ठेवू दिला नाही. तेव्हा दोन पोरं, एक कोयता आणि फडक्यात बांधलेलं नाचणीचं बी घेऊन ती पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावामागचा डोंगर चढली, रान तोडलं, दगड रचून बांध घातले आणि वाडी वसवली.

लहानपणी मला दमा होता, म्हणून सातव्या वर्षापर्यंत मी शाळेत गेलेच नाही. आजोबांनी (आम्ही त्यांना दादा म्हणायचो) घरीच पाटीवर शिकवलं. शुद्धलेखनाला त्यांच्याकडे एकच धडा होता, सगुणेचा. मी लिहिलेलं पहिलं पूर्ण वाक्य असं: 'डोंगरावर कोणीच नव्हते.' दादांचा नियम होता, पुसायच्या आधी मोठ्यानं वाचायचं. काय पुसतोय ते माहीत हवं.

मे महिन्यात आमच्या भावकीचं संमेलन आहे. त्यासाठी घराण्याची पुस्तिका लिहायचं काम संमेलन भरवणाऱ्या अविनाशकाकांनी माझ्यावर टाकलं. पहिलं वाक्य अर्थात तेच घातलं. दुसऱ्या पानावर लिहिलं की वाडीच्या राखणीत, म्हणजे शिवेवरच्या देवाला वर्षातून एकदा नारळ-कोंबडा देतात त्यात, पहिला नारळ आमच्या घराचा असतो. लिहून झाल्यावर प्रश्न पडला. हे मी पाहिलंय कुठे? वाडीला मी पाचव्या वर्षी एकदा गेले होते, तेही बाबांच्या खांद्यावर. राखण यंदा याच रविवारी होती.

वरंध घाटातून महाड जवळ पडतं, पण तिथल्या रस्त्याचा भरवसा नाही म्हणून ताम्हिणीवरून माणगावमार्गे गेले. महाडला पोचायला पाच तास लागले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाची काळजी नको. काळजीला बाकी पुष्कळ जागा होती. इनहेलर तीन वेळा चाचपला.

वाडीवरच्या बाळूकाकांनी, म्हणजे बाबांच्या चुलतभावानं, फोनवर सांगितलं होतं की येताना महाडच्या बाजारातून नारळ आण, दुकान ठरलेलं आहे. दुकानातले हमीदचाचा चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाळूच्या वाडीचे ना? अकरा इकडे, आणि हा एक वेगळा बांधतो."

"वेगळा का?"

"ते मला काय माहीत, बेटा. माझे वडील पण वेगळाच बांधायचे."

तो नारळ मोठा होता, शेंडी राखलेला. आमचा मानाचा असणार असं मी धरून चालले. पुढे विचारायचं धाडस झालं नाही. उत्तर चुकीचं आलं तर?

महाडहून पोलादपूरला खेडची गाडी मिळाली. दारात एमआयडीसीतून पाळी संपवून घरी निघालेली माणसं उभी. पोलादपूर मागे पडून गाडी थेट कशेडीच्या घाटाला लागेल, या धास्तीनं मी कंडक्टरला तीनदा विचारलं.

"ताई," तो म्हणाला, "आता चौथ्यांदा विचारलंत तर खरंच कशेडीत उतरवीन."

मागचे दोघं खो-खो हसले. मग पोलादपूर आल्यावर अख्ख्या गाडीनं मला हाक मारून उतरवलं.

पोलादपूर स्टँडसमोर मिसळ खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. कापड्यापर्यंत मिनिडोर, म्हणजे सहा आसनी रिक्षा, जाते, पण भरल्याशिवाय हलत नाही; मी पाऊण तास बसले. तिथून पायवाट. वाडीची माणसं अर्ध्या तासात चढतात, मला दीड तास लागला. पाणी दोन लिटर न्या, आणि चप्पल घालून जाऊ नका. वाटेत दोन्ही हातांना बांध दिसायला लागतात, गुडघाभर, कुठे छातीएवढे. एकेक दगड हातानं बसवलेला. एका बांधाला टेकून मी दम घेतला आणि मनात आलं, हा तिनं रचला असेल का? लगेच दुसरा विचार आला: हे तरी कोणी पाहिलंय?

रात्री बाळूकाकांच्या घरी सुमनकाकूंनी नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. राहायचे पैसे देऊ केले तर म्हणाल्या, "द्या की. मग उद्यापासून काकू म्हणू नका, म्यानेजर म्हणा."

रविवारी नऊला सगळे शिवेवर जमले. आंब्याखाली शेंदूर लावलेला एक दगड, दुसरं काही नाही. नारळ रांगेत ठेवले, पण कोणी सुरुवात करेना. दहा वाजले, साडेदहा झाले.

"पुण्याच्या बाई घड्याळ बघतायत," कोणीतरी म्हणालं.

"त्या बघतायत, कोंबडा तर कवापासून बघतोय," काकू म्हणाल्या.

मला वाटलं, सगळे माझ्यासाठीच थांबलेत. सगुणेच्या घरची, पुस्तिका लिहिणारी, इतक्या लांबून आलेली. मी पुढे झाले आणि शेंडीचा नारळ उचलला. बाळूकाकांनी माझं मनगट धरलं.

"थांब गो. तो आपला नाय."

माझे कान तापले. मी नारळ होता तसा खाली ठेवला.

थोड्या वेळानं खालच्या वाटेनं एक म्हातारा आला, काठी टेकत, नातीचा हात धरून. ओढ्याकाठच्या कातकरवाडीतला जानू. त्यानं कोणाकडे न बघता तो नारळ उचलला आणि दगडावर फोडला. मग बाळूकाकांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं: "बा देवा, ठकूच्या घरचा नारळ पयला घे, मंग सगुणेच्या घरचा घे, मंग समद्यांचा घे, नि पोराबाळांना सांभाळ."

ठकू हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं.

जेवणाच्या पंगतीत मी जानूच्या शेजारी बसले. "ठकू कोण होती, बाबा?"

"माज्या बापाची आजी. हितंच झोपडं व्हतं तिचं, या आंब्याच्या वरल्या अंगाला. तुमची म्हातारी पोरं घेऊन आली, तवा हिनं झरा दावला. पयल्या वरसाला नाचणी कुठली? कडूकंद खाल्ले. ते तसेच खाल्ले तर माणूस मरतो. राखेत उकडून ओढ्यात ठेवावे लागतात. ठकूनं शिकवलं म्हणून ती पोरं जगली."

त्या पोरांतला एक माझ्या आजोबांचा बाप.

"मग तुम्ही खाली कधी गेलात?"

"वर नाचणी आली, आमी खाली आलो."

"भांडण झालं?"

"भांडान कशाला? बांध वाढत गेलं. जागाच नाय ऱ्हायली." हे सांगताना तो रागावलेला नव्हता, कोंबड्याचं हाड चोखत होता.

"हे मी लिहू का?"

"लिव की. वरसातून एकदा नाव निगतं, नि नारळ खाऊन समदे इसरतात."

उतरताना बाळूकाका झऱ्यापर्यंत सोबत आले. मग म्हणाले, "ठकूचं लिव. पण खाली गेले, ते नको गो छापू. सातबारा आमच्या नावावर हाय. उद्या कोण कागद घेऊन उभा ऱ्हायला तर?"

"दादांना हे माहीत होतं?"

"न माहीत असायला काय झालं? धा वर्षं तरी राखणीला उभा होता तो."

परतीचा प्रवास नीट आठवत नाही. महाडला चहा घेतला, माणगावपाशी तासभर गाडी अडकली. पिशवीत जानूनं दिलेली नारळाची वाटी होती. सबंध ताम्हिणीभर मी दोन्ही बाजूंनी विचार करत होते. खरं लिहिलं तर वाडीतल्या माणसांची झोप मी उडवणार. त्यांनी मला भाकरी घातली होती. गाळलं तर मग तीन रात्री कशासाठी जागले होते? दादांचा राग येत होता, आणि राग येतोय म्हणून रडूही.

मंगळवारी सकाळी फाइल उघडली. पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं: डोंगरावर कोणीच नव्हते. मग पुसलं. त्या जागी लिहिलं, 'डोंगरावर ठकू राहत होती.' नारळाचं वाक्य दुरुस्त केलं. कंद, झरा, बांध, सगळं लिहिलं, आणि खाली आल्याचं जानूचं वाक्य त्याच्याच शब्दांत. सगुणेचं धाडस एका ओळीनंही कमी केलं नाही. दिरांनी शेतातून हाकललं ते काही तिनं मागितलं नव्हतं आणि दगड तर तिनं वाहिलेच होते.

अविनाशकाकांना पाठवायच्या आधी बाळूकाकांना फोन लावला. त्यांना न सांगता छापणं मला जमलं नसतं. सगळं वाचून दाखवलं.

"खाली आलो, ते जानू बोलला तसंच लिवलंस?"

"तसंच."

"परत वाच."

परत वाचलं. मागे काकू कोणाला तरी हाकलत होत्या, बहुधा कोंबड्यांना.

"ऱ्हाऊ दे मंग," काका म्हणाले. "पुस्तक आणशील तवा दोन आण. त्याची नात वाचते." आणि जरा थांबून, "पण पयलं तिकडं दे. मंग आमच्याकडं ये."